सामना सगळेच पाहतात, मग त्यावर बोलणारे फक्त पुरुषच का?

जुळे सोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री आमच्या सोसायटीत मोठा पडदा लावून आम्ही सर्वांनी सामना पाहिला. निम्म्याहून अधिक प्रेक्षक स्त्रिया होत्या. शतक करून उभ्या असलेल्या आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्टचा झेल अमनजोत कौरच्या हातातून निसटता निसटता अखेर स्थिरावला, तेव्हा सर्वांत आधी उठून उभ्या राहिल्या त्या आमच्या शेजारच्या सत्तरीतल्या आजी.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून दुपारपर्यंत चर्चा रंगली. कर्णधार हरमनप्रीतने मुळात फलंदाज असलेल्या शेफालीच्या हाती चेंडू का दिला, आफ्रिकेने धावांची गती वाढवायला उशीर केला का, अशा प्रत्येक मुद्द्यावर मते आली आणि ती सर्व पुरुषांची होती. खेळाला वाहिलेल्या ज्या दोन-तीन ग्रुपांत मी आहे, तिथेही हेच चित्र आहे. माझी मुलगी महाविद्यालयाच्या संघात मध्यमगती गोलंदाजी करते. तिने ती सगळी चर्चा वाचली, पण एक अक्षर लिहिले नाही. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मत लिहिलेत की मतावर चर्चा होते. मी लिहिले की आधी मला खेळातले कितपत कळते याची चौकशी होते."

तेव्हापासून हा प्रश्न मनातून जात नाही. स्त्रियांना आवड कमी असते, वेळ कमी असतो, की आपण पुरुषच त्यांची वाट अडवून बसलो आहोत? कृपया आपापले अनुभव लिहावेत.

खांबाजवळची

आपल्या मुलीचे वाक्य वाचून मला तीन वर्षांपूर्वीचा प्रसंग आठवला. सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चेंडू टाकण्याआधीच गोलंदाजाच्या टोकाची क्रीज सोडून पुढे गेलेल्या इंग्लंडच्या चार्ली डीनला धावबाद केले. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर 'हे खेळाडूवृत्तीला धरून नाही' असा सूर लागला होता. मी लिहिले की हा प्रकार नियमाने धावबादच आहे, आणि १ ऑक्टोबरपासून तो 'अयोग्य खेळ' या नियमातून काढून सरळ धावबादच्या नियमात घातला जाणार आहे. माझे म्हणणे कोणी खोडून काढले नाही, कोणी अपमानही केला नाही. फक्त एका ज्येष्ठांनी विचारले, "घरात क्रिकेट कोण खेळते?"

तो प्रश्न त्यांनी आपुलकीनेच विचारला असेल, परंतु त्यामागचे गृहीतक मला फार लागले. मला जे ठाऊक आहे ते कोणा तरी पुरुषाकडून, नवऱ्याकडून किंवा मुलाकडून, माझ्यापर्यंत आले असणार, असे ते गृहीतक होते. त्यानंतर मी त्या ग्रुपवर खेळाविषयी काही लिहिलेले नाही. माझी आवड कमी झाली का? मुळीच नाही. आजही मी सामना पाहते आणि मैत्रिणीला फोन करून तासभर बोलते. ते बोलणे कोणाच्या मोजणीत येत नाही, इतकेच.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मी शाळेत आणि नंतर जिल्हा संघात मिळून सात वर्षे खो-खो खेळले. पळती करणारी मुलगी साखळी धरून (बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी) खेळते आहे की गोल पळून वेळ काढते आहे हे मला तिच्या पहिल्या चार पावलांत कळते, आणि खांबावर सूर मारणाऱ्या मुलीचा मागचा पाय कुठे असायला हवा हे मी आजही झोपेतून उठून सांगू शकेन. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असे हरवले. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तो याच खेळासाठी. आपल्या भागातल्या शेकडो मुलींनी ज्या खेळात गुडघे फोडून घेतले, त्या खेळाचे या क्रीडा-ग्रुपांत किती दिवस नाव निघाले? 'खेळाची चर्चा' असे नाव देऊन पुरुषांच्या क्रिकेटचीच चर्चा करायची आणि मग स्त्रिया बोलत नाहीत म्हणायचे, हे मला न्यायाचे वाटत नाही.

जुना गुणलेखक

मी सोलापूरच्या पार्क मैदानावर अनेक वर्षे स्थानिक सामन्यांचे गुणलेखन केले. आता वय झाले आहे, पण हा विषय पाहून लिहावेसे वाटले.

माझी आई विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने, आणि कोनाड्यात रेडिओ. आमच्या घरात तेलुगू बोलत, त्यामुळे आईचे मराठी बेताचेच होते. मात्र आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे समालोचन ऐकून ऐकून 'यष्टी', 'षटक', 'पायचीत' हे शब्द तिच्या तोंडी बसले होते. १९७५ च्या जानेवारीत वानखेडे मैदानावर पहिली कसोटी झाली तेव्हा मी शाळेतून धावत घरी येऊन धावसंख्या तिलाच विचारत असे. ती मान वर न करता, दोरा गुंडाळता गुंडाळता सांगे, "लॉइड अजून आहे." वेस्ट इंडिजचा क्लाइव्ह लॉइड त्या डावात २४२ धावांवर नाबाद राहिला. हजार विड्या पुऱ्या करायच्या असल्यामुळे तिचे हात मोकळे नव्हते, पण कान पूर्ण वेळ मैदानावर होते.

संध्याकाळी चौकात पानाच्या दुकानापुढे याच सामन्यावर वडीलमंडळींचा वाद होई आणि मी तिथे आईकडून ऐकलेलेच माझे म्हणून सांगत असे. आई त्या चौकात कधी उभी राहिली नाही. तिला कोणी 'येऊ नको' असे सांगितले नव्हते. बाईमाणसाने तिथे उभे राहायचे नसते हे न सांगताच सर्वांना माहीत होते. कुस्तीचा फड, तालीम, पानाचे दुकान, मैदानाचा कट्टा या ज्या जागी खेळाविषयी बोलण्याची सवय लागते, त्या सर्व जागा पुरुषांच्या होत्या. मोबाइलमधले ग्रुप त्याच कट्ट्यावरच्या माणसांनी काढले, म्हणून तिथली बोलण्याची रीतही तीच राहिली.

वेळेचा मुद्दाही खराच आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. सामना पाहता पाहता भाजी निवडता येते. चाळीस जणांशी वाद घालता घालता पोळ्या लाटता येत नाहीत.

अशोक चौक

वरील दोन्ही प्रतिसाद पटले, तरी माझे थोडे वेगळे मत मांडतो. पुरुष खेळावर इतके का बोलतात, हेही विचारायला हवे. माझ्या वडिलांशी माझे लहानपणापासून फारसे बोलणे नाही. पगार, लग्न, त्यांचे आजारपण, यांतल्या कशाविषयीही आम्ही दोघे दोन वाक्यांपलीकडे जात नाही. पण सामना असला की ते मला फोन करतात आणि अर्धा अर्धा तास बोलतात. मित्रांचेही असेच आहे. एकमेकांची चौकशी करायला आम्हाला रीत सापडत नाही, म्हणून आम्ही धावगतीची चौकशी करतो. स्त्रिया एकमेकींशी थेट बोलू शकतात, त्यांना खेळाचा आडोसा लागत नाही. त्यामुळे त्यांचे मौन नेहमीच अडवणुकीतून येते असे मला वाटत नाही. काहींना त्या बोलण्याची गरजच भासत नसेल.

चौकशीबाबत मात्र कबुली देतो. आम्ही एकमेकांचीही आकडे विचारून परीक्षा घेतो. पण पुरुष त्या परीक्षेत चुकला तर हसून विषय संपतो, आणि बाई चुकली तर 'बायकांना कळत नाही' असा निकाल लागतो. हे मी पाहिले आहे आणि एकदा स्वतः केलेही आहे.

खांबाजवळची

दादा, आपण वडिलांविषयी लिहिलेत ते मनाला भिडले. पण आडोसा स्त्रियांनाही लागतो. माझी मुलगी दहावीत असताना महिनाभर माझ्याशी धड बोलत नव्हती, तेव्हा किरण नवगिरे आमच्या मदतीला आली. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची मुलगी, आधी भालाफेक आणि गोळाफेक करणारी, २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना एका टी-ट्वेंटी सामन्यात नाबाद १६२ धावा काढते, आणि पुढच्या वर्षी पहिल्याच डब्ल्यूपीएलमध्ये (महिला प्रीमियर लीगमध्ये) बॅटवर हाताने धोनीचे 'एमएसडी ०७' लिहून मैदानात उतरते! त्या एका बॅटवर आम्ही मायलेकी दोन दिवस बोलत होतो. त्यामुळे गरज नसते असे म्हणू नये. बोलायला कोणी समोर असावे लागते, एवढेच.

जुळे सोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. गुणलेखक काका, आपल्या आईविषयी लिहिलेले मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. आमच्या शेजारच्या आजींनीही उमेदीची वर्षे विड्या वळण्यात घालवली आहेत, त्या मजकूर संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आमच्याकडे रेडिओ नव्हता, शेजारणीचा ऐकायचो."

मुलीनेही सगळे प्रतिसाद वाचले. स्वतःचे खाते काढायला ती अजून तयार नाही, पण तिचा एक प्रश्न तिच्याच शब्दांत इथे देण्याची परवानगी तिने दिली आहे: "शेफाली वर्मा प्रतिका रावल जखमी झाल्यामुळे ऐनवेळी संघात आली, ८७ धावा केल्या, आणि मग गोलंदाजीत सुने लूस आणि मारिझान काप यांना बाद केले. मुख्य फिरकी गोलंदाज हाताशी असताना जम बसलेल्या जोडीपुढे नवखा हात आणण्याचा धोका कर्णधाराने नेमका कधी पत्करावा? मी स्वतः गोलंदाज आहे, माझ्या हातातून चेंडू काढून असा दुसरीला दिला तर मला राग येईल, पण त्या दिवशी हरमनप्रीतचे बरोबर होते असे वाटते. तुम्हाला काय वाटते?"

उत्तरे तिला उद्देशून लिहावीत. ती वाचणार आहे.