हेडफोनचा तयार ईक्यू प्रीसेट जसाच्या तसा लावावा का?

खर्ज (धागाकर्ता)

विंडोजवर इक्वलायझर एपीओ (ईक्यू, म्हणजे आवाजातल्या जाड-बारीक सुरांचा तोल बदलणारा प्रोग्रॅम) टाका, ऑटोईक्यू या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा प्रीसेट (तयार आकड्यांचा संच) उतरवा, कॉन्फिग फाइलमध्ये चिकटवा, झालं काम. हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. एपीओ उत्तमच आहे, पण प्रीसेट आहे तसा वापरायला माझा विरोध आहे.

या प्रीसेटमध्ये साधारणपणे दहा फिल्टर असतात. १०५ हर्ट्झला लो शेल्फ (त्याखालचा सगळा भाग चढवणारा किंवा उतरवणारा), १०,००० हर्ट्झला हाय शेल्फ (तेच त्यावरच्या भागाला करणारा) आणि बाकी आठ पीक फिल्टर (एका जागेभोवतीच चढवणारे किंवा उतरवणारे). हेडफोनचा मोजलेला आलेख हार्मन टार्गेटवर (हार्मन कंपनीच्या संशोधकांनी श्रोत्यांच्या आवडीवरून ठरवलेल्या आलेखावर) नेऊन बसवणं हे त्यांचं काम. यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पहिली, मोजणीच्या यंत्रावर हेडफोन जसा वाजला तसाच तो तुमच्या कानावर वाजतो. ८,००० हर्ट्झच्या वर हे खरं ठरत नाही. तिथे हेडफोन अर्धा सेंटिमीटर सरकला तरी आलेखातले चढउतार जागा बदलतात आणि प्रत्येकाच्या कानाची पाळीही वेगळी. दुसरी, हार्मनचा बेस सगळ्यांना हवा तेवढाच आहे. खुद्द हार्मनच्याच संशोधकांनी श्रोत्यांचे गट पाडले, तेव्हा ६४ टक्क्यांना टार्गेट आवडलं, १५ टक्क्यांना बेस जास्त हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी.

शास्त्रीय संगीतात हे लगेच जाणवतं. काळी एक या पट्टीला लावलेल्या तानपुऱ्याची जोडी (मधल्या दोन तारा) सुमारे १३८ हर्ट्झवर असते आणि खर्जाची तार ६९ वर. सेनहायझर एचडी ६०० सारख्या ओपन-बॅक (मागून उघड्या) हेडफोनला प्रीसेट खाली पाच-सहा डेसिबल चढवतो. मग खर्ज जोडीवर स्वार होतो आणि डग्ग्याची घुमक गायकाच्या अंगावर येते.

म्हणून लो शेल्फचा गेन (किती डेसिबल चढवायचं तो आकडा) निम्मा करा, ८,००० च्या वरचे पीक फिल्टर काढून टाका, बाकीचे राहू द्या.

तीनशे_ओहम

पटलं नाही. एचडी ६०० चा बेस १०० हर्ट्झच्या खाली मुळातच उतरत जातो. म्हणजे ध्वनिमुद्रणात जो खर्ज होता तोच तुम्हाला कमी ऐकू येत होता. प्रीसेट तो परत आणतो आणि कमी खर्जाची सवय झालेल्या कानाला तो जास्त वाटतो. निदान चार-पाच दिवस प्रीसेट चालू ठेवून ऐकल्याशिवाय आकड्यांना हात लावू नये.

शिवाय 'बेस फुगला' अशा तक्रारींमागे अनेकदा प्रीअँपची (फिल्टर लावताना एकूण आवाज आधीच खाली घेणाऱ्या आकड्याची) चूक असते. गाणी आजकाल ० डेसिबलला टेकवूनच बनवतात. त्यावर ६ डेसिबल चढवलंत की लाटांचे माथे कापले जातात, आणि हे क्लिपिंग आधी तबल्याच्या थापेवर ऐकू येतं, चरचर किंवा दबलेपणा म्हणून. फाइलची पहिली ओळ 'प्रीअँप उणे ६.५' अशी असते ती याचसाठी. पुष्कळ जण आवाज बारीक झाला म्हणून नेमकी तीच ओळ पुसतात.

दहा पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. ३१ आणि ६२ या दोन्ही पट्ट्या ६ वर नेल्या तर शेजारच्या फिल्टरांची बेरीज होऊन मधला भाग ६ च्या वर जातो. प्रीअँप सगळ्यात मोठ्या पट्टीच्या आकड्यावरून ठरवू नका. एपीओच्या कॉन्फिगरेशन एडिटरमध्ये खाली 'पीक गेन' दिसतो, तो शून्याच्या वर जाता कामा नये.

आणि तुलना करताना अख्खा एपीओ बंद-चालू करू नका. प्रीअँप तसाच ठेवून फक्त फिल्टर बंद करा, मग गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा मोठा येईल असं जुळवून घ्या. एका डेसिबलनं मोठं असलेलं कानाला 'चांगलं' वाटतं, तो फरक ईक्यूचा नसतो.

जवारी

प्रीसेट कशाला हवा? ऑनलाइन टोन जनरेटर उघडा, आवाज अगदी कमी ठेवा, ४,००० पासून १२,००० पर्यंत सूर हळूहळू चढवत न्या. जिथे तो एकदम कानात टोचेल तिथे पीक फिल्टर लावा, क्यू ४ (क्यू जितका मोठा तितका फिल्टर अरुंद), गेन उणे ४. बेयरडायनॅमिक डीटी ९९० ला ८,००० च्या आसपास असा उंचवटा सापडतोच. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते तुमच्या स्वतःच्या कानासाठी असतं.

तीनशे_ओहम

@जवारी, अरुंद उंचवटे शोधायला ही रीत चालेल, पण ४,००० पासून सुरुवात केलीत की फसगत होते. माणसाचा कान ३,००० ते ४,००० हर्ट्झला मुळातच सर्वात तीक्ष्ण असतो, तिथला सूर मोठा लागणारच. तो 'दोष' समजून कापलात तर तानपुऱ्याची जवारी (तारांची गुंजणारी झिणझिण) मरते आणि गायक दुसऱ्या खोलीत गेल्यासारखा वाटतो. ६,००० च्या वरचे आणि शेजारच्या सुरांपेक्षा अचानक उसळणारे उंचवटेच धरा. हेडफोन काढून पुन्हा घाला. टोचण्याची जागा बदलली तर फिल्टर लावूच नका. आणि खड्डा सापडला म्हणून तो भरायला जाऊ नका. अरुंद खड्डे बहुधा लाटा एकमेकींना रद्द करत असल्यामुळे पडतात, तिथे ८ डेसिबल ओतले तरी पदरात काही पडत नाही, उलट प्रीअँप आणखी खाली न्यावा लागतो.

कानगादी

ईक्यूच्या आधी गाद्या बघा. बंद हेडफोन असेल तर चष्म्याच्या काडीजवळ पडलेली फट बेस गिळते. गाद्या दबलेल्या असल्या तर ड्रायव्हर (हेडफोनमधला आवाज काढणारा भाग) कानाजवळ येतो आणि सगळा आलेख बदलतो. प्रीसेट बहुधा नव्या, मूळ गाद्यांवर मोजलेला असतो. आवाज हरवला फटीतून आणि इलाज चालला आहे फिल्टरनं, हे चुकीचं आहे. गादीवर बोटानं हलकं दाबा. बेस एकदम वाढला तर आधी ती फट मिटवा.

ब्लूटूथवाल्यांसाठी आणखी एक. नॉइज कॅन्सलिंग चालू असताना, बंद असताना आणि वायर लावल्यावर एकच हेडफोन तीन तऱ्हांनी वाजू शकतो. प्रीसेट कोणत्या अवस्थेचा आहे ते पाहिल्याशिवाय लावू नका.

नवा_श्रोता

एपीओ टाकलं, फाइल भरली, तरी काहीच फरक पडत नाही. कुठे चुकतंय?

तीनशे_ओहम

या क्रमानं तपासा. एपीओबरोबर डिव्हाइस निवडण्याची खिडकी येते, तिथे हेडफोन ज्या आउटपुटवर आहे त्यावरच खूण केली आहे ना? खूण केल्यावर संगणक रीस्टार्ट करावा लागतो. मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद नाहीत ना ते बघा, बंद असतील तर एपीओ चालतच नाही. प्लेअर वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा एएसआयओ या थेट मार्गावर असेल तर आवाज एपीओला वळसा घालून जातो. काल चालत होतं आणि आज नाही, असं असेल तर बहुधा साउंड ड्रायव्हर अपडेट झाला आहे, पुन्हा खूण करा.

याच्या उलटही होतं. लॅपटॉपमध्ये कंपनीचा डॉल्बी किंवा तसाच दुसरा इफेक्ट आधीपासून चालू असतो आणि ईक्यूवर ईक्यू चढतो. तो बंद करा. आणि कॉलवर ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की आवाज बहुधा मोनो आणि बोदा होतो, त्याला कोणताही प्रीसेट उपाय नाही. माइक लॅपटॉपचा निवडा.

खर्ज

प्रीअँपचं आणि तुलनेचं म्हणणं पूर्ण मान्य. धाग्यात ते सुरुवातीलाच यायला हवं होतं. शेल्फबद्दल मात्र आकडेच मांडतो. १०५ हर्ट्झ, क्यू ०.७, गेन ६ असा लो शेल्फ १०५ वर ३ डेसिबल देतो, ६९ वर सुमारे ५, १३८ वर जेमतेम दीड. म्हणजे खर्ज आणि जोडी यांच्यातलं नातंच साडेतीन डेसिबलनं बदललं. तानपुरा जुळवणाऱ्याला एवढा फरक खटकतो.

तीनशे_ओहम

तो बदल नाही, ती दुरुस्ती आहे. एचडी ६०० नं तेच नातं उलट्या दिशेनं बिघडवलं होतं. तरीही खुपत असेल तर गेन ६ च राहू द्या आणि शेल्फ ७० हर्ट्झवर उतरवा. ६९ वर ३ डेसिबल मिळतील, १३८ वर अर्ध्या डेसिबलच्या आसपास. डग्गाही बराच मोकळा राहील.

खर्ज

त्यात अडचण अशी की ६९ वर ३ डेसिबल मिळतात, पण ४० च्या खाली जवळजवळ पूर्ण ६. काळी एकच्या मैफलीत तिथे सूर नसतोच. तिथे असते ती माइकच्या स्टँडला लागलेल्या धक्क्यांची धडधड आणि सभागृहातल्या यंत्रांची घरघर. १०५ वरच शेल्फ ठेवून गेन ३ केला तर ६९ वर अडीच मिळतात आणि खालचा कचरा ३ च्या पुढे जात नाही. शिवाय प्रीअँपही तीनएक डेसिबल वर घेता येतो. ३०० ओहमचा हेडफोन थेट लॅपटॉपच्या जॅकला लावणाऱ्यांना ते तीन फार लागतात.

तीनशे_ओहम

जॅकचा मुद्दा मान्य. सिनेमा आणि इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी मी गेन ६ च ठेवा म्हणेन, तिथे ४० च्या खाली खरोखरच ऐकण्यासारखं असतं. दोन्हींच्या वेगळ्या फाइली करा आणि पीस या एपीओच्या जोड-प्रोग्रॅममधून अदलाबदल करा. प्रत्येक फाइलचा प्रीअँप मात्र वेगळा लिहा.