शाळेच्या लायब्ररीचा चार्ज आलाय, पुस्तकं कपाटातून बाहेर कशी काढू?

निळी_शाई:
नमस्कार मंडळी. झेडपीची शाळा, पहिली ते सातवी, यंदा लायब्ररी माझ्याकडे दिलीय. लायब्ररी म्हणजे ऑफिसातली दोन लोखंडी कपाटं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. पुस्तकं तशी बरीच आहेत पण थोर पुरुषांची चरित्रं, सामान्यज्ञान नि संस्कारकथा यांचाच भरणा, त्यातही एकेकाच्या पाच-पाच प्रती. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला सगळी व्हरांड्यात मांडायची, मुलं बसवायची, फोटो केंद्राच्या ग्रुपवर टाकायचे की परत कुलूप. एरवी एक पोरगं मागायला येत नाही. आधीचे सर म्हणतात हरवलं तर भरपाई तुमच्या खिशातून, कशाला भानगडीत पडता. शिवाय पाचवीतली काही मुलं अजून जोडाक्षराला अडखळतात, त्यांना द्यायचं तरी काय?

रिटायर्ड_ग्रंथपाल:
मॅडम, हायस्कूलच्या लायब्ररीत नोकरी गेली माझी. मुलं मागत नाहीत कारण त्यांना दिसतच नाही. लहान मुलांची पुस्तकं पातळ, पिना मारलेली, त्यांना कणाच नसतो, कपाटात उभी लावली की नुसत्या कागदाच्या कडा दिसतात. वर्गात सुतळी बांधा आणि कपडे वाळत घालतो तशी टाका, मुखपृष्ठ समोर, पोरांच्या हाताच्या उंचीला. ड्युई नंबर (विषयवार पुस्तकं लावायचे आकडे) वगैरे प्राथमिकला नको, सोपं-मध्यम-अवघड अशा तीन रंगांच्या टिकल्या चिकटवा, बास झालं.
आपल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच म्हणजे पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आपण 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, त्यांच्या फोटोला हार घालतो आणि कुलूप तपासून घरी जातो 😀
भरपाईचं म्हणाल तर फाटलेल्या, गहाळ पुस्तकांचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करायची सोय असते. तुमच्याकडची पद्धत केंद्रप्रमुखांना नीट विचारून घ्या. वापरलं तर फाटणारच.

पंचगंगेकाठची:
दादांशी सहमत. माझं एवढंच म्हणणं, पुस्तक वाचलं की सारांश लिहून आण हे आधी बंद करा, पोरं पुस्तकाला नाही त्या सारांशाला घाबरतात. त्यापेक्षा परिपाठ झाला की दहा मिनिटं तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा आणि ऐन रंगात आलं की थांबा, बेल झाली म्हणायचं, पुस्तक टेबलावर तसंच ठेवून बाहेर जायचं. पुढचं काय ते बघायला भांडणं होतात बघा.
पाचवीतल्या मुलांचं जरा नाजूक असतंय. त्याच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं तर वर्गात लाज वाटते, मग तो वाचायचं सोडतोच. आम्ही त्यांना सांगतो, शनिवारी पहिलीच्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवायचीय, तयारी कर. मग तेच सोपं पुस्तक घरी नेऊन चारदा वाचतात, तेही ऐटीत.
प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीनुसार लावलेल्या, प्रिंट काढायलाही परवानगी आहे. बालभारतीचं किशोर 1971 पासून निघतंय, जुने अंक नेटवर मोफत वाचायला मिळतात.

खडूवाला:
सगळं मोकळं सोडा म्हणायला सोपंय हो. आमच्याकडे सोडलं होतं, वर्षभरात चित्रांची, भुताची आणि प्रयोगाची पुस्तकं गायब. चरित्रं मात्र एकूण एक शाबूत.

पंचगंगेकाठची:
@खडूवाला अहो मग पुढच्या खरेदीची यादी आयती मिळाली की तुम्हाला! जी गेली तीच परत घ्या, जास्त प्रती घ्या. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे, पैसे आले की मार्चएंडच्या घाईत दुकानदार देईल तो गठ्ठा उचलायचा नाही. पुस्तकविक्रेत्याला नमुने आणायला सांगा आणि मुलांना निवडू द्या. आणि देवघेवीची वही सहावी-सातवीच्या पोरींकडे द्या, त्या वसुली आपल्यापेक्षा कडक करतात.

निळी_शाई:
सुतळी उद्याच बांधते! शनिवारचं वाचनही सुरू करते, दोन-तीन मुलं डोळ्यासमोर आहेत. आता सरांकडून किल्ली तेवढी मागायचीय.

रिटायर्ड_ग्रंथपाल:
थांबा, किल्ली आधी घेऊ नका. दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती) समोर ठेवून पुस्तकं मोजून घ्या, जी सापडत नाहीत त्यांची वेगळी यादी करा, त्यावर आधीच्या सरांची नि मुख्याध्यापकांची सही घ्या आणि मगच चार्ज लेखी घ्या. नाहीतर दहा वर्षांपूर्वी गेलेली पुस्तकंसुद्धा तुमच्या नावावर निघतील.