मदत हवी आहे: यकृतातील गळूचा निचरा झाला, ताप उतरला, पण पोकळी अजून दिसते

नमस्कार. माझ्या वडिलांच्या यकृतात जिवाणूंमुळे झालेले गळू आढळले असून ते सध्या रुग्णालयात आहेत. डॉक्टर आपुलकीने बोलतात, परंतु राउंडच्या धावपळीत सगळे प्रश्न विचारून होत नाहीत, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वडिलांनी साठी ओलांडली आहे आणि त्यांना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. थंडी वाजून ताप येणे, अन्नावरची वासना जाणे आणि उजव्या बरगडीखाली जडपणा जाणवणे, अशी सुरुवात झाली, कावीळ नव्हती. रक्तात पांढऱ्या पेशी, सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारा घटक) आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (यकृताशी संबंधित एन्झाइम) वाढलेले, तर अल्ब्युमिन (रक्तातील प्रथिन) कमी होते. सोनोग्राफीत शंका आली आणि कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये यकृताच्या उजव्या भागात सुमारे ७ सेंमीचे एकच गळू दिसले. पित्ताशयात खडे नाहीत, पित्तनलिका फुगलेली नाही, अपेंडिक्सही व्यवस्थित आहे. अमीबासाठीची रक्तचाचणी निगेटिव्ह आली. सोनोग्राफीत पाहत पिगटेल कॅथेटर (निचऱ्याची बारीक नळी) बसवून पू काढला, आणि पू व रक्त या दोन्हींच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीत) क्लेबसिएला न्यूमोनिए हा जिवाणू वाढला. सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक शिरेतून सुरू आहे.

आता ताप नाही, सीआरपी उतरत आहे आणि कॅथेटरमधून जवळजवळ काहीच येत नाही. तरीही कालच्या सोनोग्राफीत ४ सेंमीची पोकळी दिसते. अशा स्थितीत कॅथेटर काढणे घाईचे ठरेल का? इंजेक्शनऐवजी गोळ्या कधी सुरू करता येतात? नातेवाइकांपैकी काही जण शस्त्रक्रिया करून एकदाच मोकळे व्हा असे सुचवतात, त्यात तथ्य आहे का? आणि कुठेही दोष सापडत नसताना हा जंतू यकृतात पोहोचला कसा, हे मला अजून उमगलेले नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. कालपासून वडील उजव्या डोळ्याने धूसर दिसते असे म्हणत आहेत. साखर वरखाली झाल्यामुळे असे होत असावे, असे घरच्यांना वाटते.

प्रतिसाद:

आपण शेवटी लिहिलेली गोष्ट सर्वांत आधी घ्यावी लागेल. क्लेबसिएला रक्तात सापडलेला असताना एका डोळ्याची दृष्टी धूसर होणे ही तातडीची बाब आहे; कृपया हे वाचताच वॉर्डातील डॉक्टरांना सांगा आणि बाहुली मोठी करून रेटिना तज्ज्ञांकडून डोळा आजच तपासून घ्या. हा जंतू रक्तावाटे डोळ्याच्या आतील भागात जाऊन तेथे पू निर्माण करू शकतो, त्याला एन्डोफ्थॅल्मायटिस म्हणतात, आणि त्यात दृष्टी फार वेगाने, कधी कायमची, जाते. शिरेतून दिलेले अँटिबायोटिक डोळ्याच्या आत पुरेसे पोहोचत नाही, म्हणून अनेकदा थेट डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते. साखरेच्या चढउताराने येणारी धूसरता बहुधा दोन्ही डोळ्यांत असते, त्यामुळे एका डोळ्याची तक्रार तिच्या नावावर टाकून थांबणे धोक्याचे आहे. मधुमेह, क्लेबसिएलाचे यकृतातील गळू आणि डोळ्याचा संसर्ग हे एकत्र आढळणे तैवानमधील डॉक्टरांनी १९८० च्या दशकातच नोंदवले होते, आणि आता असे रुग्ण जगभर दिसतात.

पोकळीबद्दल मात्र आपण काळजी करू नये, असे मला वाटते. प्रकृती सुधारल्यानंतरही स्कॅनमधील पोकळी भरून यायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. ताप, भूक आणि सीआरपी यांवरून सुधारणा जोखतात, केवळ आकारावरून नाही. निचरा दिवसाला साधारण १० मिलीच्या खाली आला की कॅथेटर काढण्याचा विचार होतो; पण निचरा खरोखर संपला आहे की नळी घट्ट पुवाने तुंबली आहे, हे आधी पाहावे लागते. सलाइनने नळी धुऊन पाहिली का आणि उरलेल्या पोकळीत पू आहे का, हे जरूर विचारा.

अँटिबायोटिकचा एकूण काळ सहसा ४ ते ६ आठवडे असतो. सुरुवातीचे काही आठवडे शिरेतून आणि नंतर, कल्चरमध्ये लागू पडलेल्या औषधांपैकी योग्य ते गोळीच्या रूपात. डोळ्यात संसर्ग निघाला तर हे वेळापत्रक बदलेल, म्हणून गोळ्यांचा आग्रह आज धरू नये. शस्त्रक्रिया गळू फुटल्यास, अनेक कप्प्यांमुळे नळीने निचरा न झाल्यास किंवा एवढे करूनही ताप हटत नसल्यास करतात. आपण सांगितलेल्या माहितीत त्यांपैकी काहीच दिसत नाही. पोटात अचानक सर्वत्र तीव्र वेदना, धाप, तीव्र डोकेदुखी किंवा गुंगी जाणवली, तर अनुक्रमे गळू फुटणे, छातीत पाणी किंवा पू होणे आणि मेंदूच्या आवरणाचा दाह या शक्यता तपासाव्या लागतात. सीटीमध्ये पोर्टल शिरेत (आतड्यातील रक्त यकृताकडे नेणाऱ्या शिरेत) गुठळी नाही ना, हेही एकदा विचारून ठेवा.

राहिला जंतू कुठून आला हा प्रश्न. क्लेबसिएला आतड्यात राहू शकतो आणि पोर्टल शिरेतून यकृतात पोहोचू शकतो; मधुमेहात शरीराचा प्रतिकार कमी पडतो आणि अनेक रुग्णांत दुसरे काही कारण सापडतच नाही. मात्र अशा कारण न सापडलेल्या गळूमागे क्वचित मोठ्या आतड्याचा कर्करोग दडलेला असतो, त्यामुळे वडील सावरल्यावर कोलोनोस्कोपीबद्दल (दुर्बिणीने मोठ्या आतड्याच्या तपासणीबद्दल) पोटाच्या तज्ज्ञांशी अवश्य बोला. डोळ्याच्या तपासणीत काय निघाले ते येथे कळवा, पुढील औषधांविषयी त्यानुसार लिहीन.