जावाच्या राजा जयभयाची भाकितं मुळात कुठे लिहिलेली आहेत?

ब्रांतासकाठी

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे दीड वर्ष इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सुराबायात राहतेय. इथल्या एका जुन्या बसस्थानकाचं नाव जोयोबोयो. रोज तिथून जाते-येते, पण हा आपल्या अक्षरांत ‘जयभय’, बाराव्या शतकातला केदिरीचा राजा, हे कळायला वर्ष लागलं. जावाची माणसं ‘अ’ असा तोंड गोल करून म्हणतात की तो ‘ओ’च ऐकू येतो.

सुरो महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे इथल्या वर्षारंभाला, ऑफिसातली एक मैत्रीण आणि तिची आई मला केदिरीजवळच्या मनांग गावी घेऊन गेल्या. राजा मेला नाही, इथूनच देहासकट मोक्षाला गेला, अशी श्रद्धा. त्या जागेला म्हणतातच ‘लोका मोक्सा’. वस्त्रं कुठे उतरवली, मुकुट कुठे ठेवला, त्याही जागा शेजारी दाखवतात. मैत्रिणीच्या आईने केळीच्या पानात गुलाबाच्या पाकळ्या आणि पांढरा चाफा आणला होता. डोक्यावरचा रुमाल सारखा करून त्या बराच वेळ डोळे मिटून बसल्या.

परतताना गाडीत त्यांनी वडिलांची आठवण सांगितली. जपानी आले तेव्हा वडील आठ-नऊ वर्षांचे. भात घरात यायच्या आधीच सैनिक उचलून न्यायचे. घरात रात्री पोरं भुकेने रडायला लागली की वडिलांची आजी म्हणायची, ‘मक्याच्या एका पिकाएवढंच राहायचेत हे. राजाने सांगून ठेवलंय.’

तर प्रश्न असा. हे राजाने नक्की कुठे सांगून ठेवलंय? शिलालेखात की पोथीत? इंटरनेटवर ‘घोड्याविना गाडी धावेल’, ‘जावाच्या गळ्यात लोखंडाचा हार पडेल’, ‘बाजाराचा गलका हरवेल’ अशी वाक्यं ढिगाने मिळतात, पण मूळ कुठलं ते कोणीच सांगत नाही. कोणी वाचलंय का?

रानवारा

ताई, त्याच्या दरबारात भारतयुद्ध नावाचं काव्य लिहिलं गेलं. म्पू सडाह याने सुरू केलं, म्पू पनुलुह याने पुरं केलं. भाकितं त्यातच असावीत.

जुनीलिपी

नाही, भारतयुद्धात भाकितं नाहीत. ते कौरव-पांडवांच्या युद्धाचं काव्य आहे. पण तिथूनच सुरुवात करू, कारण जयभयाच्या काळातलं अस्सल काय उरलंय ते आधी बघायला हवं.

काव्याच्या आरंभी सालाचं कोडं आहे: ‘संग कुड शुद्ध चंद्रमा’. संग म्हणजे नऊ, कुड म्हणजे घोडे, ते सूर्याचे म्हणून सात, शुद्ध म्हणजे शून्य, चंद्र एक. उलटं वाचलं की शके १०७९. अठ्ठ्याहत्तर मिळवा, इ. स. ११५७. आपल्या पंचांगात आजही छापतात तोच हा शक. मी पहिल्यांदा हे कोडं सोडवलं तेव्हा कागद बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो होतो. इतक्या लांबच्या बेटावरचा कवी, आणि साल मोजायची रीत आपलीच.

दुसरी वस्तू म्हणजे मलांगच्या पश्चिमेकडच्या ङान्तांग गावचा शिलालेख, शके १०५७, म्हणजे ११३५ चा. त्यावर नरसिंहाची राजमुद्रा, आणि मोठ्या ठसठशीत चौकोनी अक्षरांत दोनच शब्द, ‘पंजलु जयति’. पंजलु म्हणजे केदिरीचं राज्य. ऐर्लंग राजाने अकराव्या शतकाच्या मध्यात राज्य दोन भागांत वाटलं, पंजलु आणि जंगल, आणि भाऊबंदकी सुरू झाली. त्या लढाईत या गावाने जयभयाची बाजू सोडली नाही, म्हणून गावाला सवलती दिल्या. भारतयुद्ध वाचताना हे मनात ठेवा. भावांचं युद्ध हा त्या दरबाराला पुराणातला विषय नव्हता.

आता भाकितं. ती ज्या ग्रंथांत सापडतात ते शेकडो वर्षांनंतरचे. त्यांतला सर्वांत नावाजलेला ‘मुसरार’. त्यात जयभय विष्णूचा अवतार आहे, आणि त्याला भविष्य सांगणारा गुरू रूम देशाहून आलेला मुस्लिम मौलाना आहे. बाराव्या शतकातला केदिरीचा दरबार असं लिहिणार नाही. इस्लाम आल्यावर दोन्ही परंपरा मनापासून आपल्या मानणाऱ्या जावाने लिहिलेलं आहे ते.

आणि तुमच्या गोष्टीतला मकाच बघा. मका मूळचा अमेरिकेतला. कोलंबसाच्या आधी जावाच्या शेतात तो असणं शक्य नाही. जयभयाने मक्याचं कणीस डोळ्यांनी पाहिलेलंच नाही.

ब्रांतासकाठी

मक्याचं वाचून खरं सांगायचं तर पोटात कालवलं. आता त्या काकूंना काय सांगू? त्यांनी एवढ्या मनाने फुलं वाहिली.

जुनीलिपी

काकूंना काही पटवायला जाऊ नका. तुम्ही विचारलंत वाक्य कुठलं ते, आणि मी सांगितलं राजाचं नव्हे. पण त्या आजीचं ते नक्की आहे. १९४२ च्या मार्चमध्ये इथे राज्य करणारे डच जपान्यांना शरण गेले आणि १७ ऑगस्ट १९४५ ला स्वातंत्र्य जाहीर झालं. मधली साडेतीन वर्षं लोकांनी कशाच्या बळावर काढली, ते मोजताना हे वाक्य मोजावंच लागतं.

आणि हे फक्त स्वयंपाकघरातलं बोलणं नव्हतं. न्यायी राजा येणार, ‘रातु आदिल’ येणार, ही आशा याच भाकितांची. १८२५ ते १८३० जावाचा राजपुत्र दिपोनगोरो डचांशी लढला तेव्हा लोकांनी त्याच्यात रातु आदिल पाहिला. १९३० मध्ये बांडुंगच्या कोर्टात सुकार्नो आरोपी म्हणून उभे राहिले, तेव्हा भाषणात त्यांनी न्यायाधीशांपुढे हाच मुद्दा मांडला, की लोक अजून रातु आदिलची वाट का बघतात, जोयोबोयोच्या शब्दांनी त्यांना अजून धीर का येतो. त्यांचं उत्तर असं की पिचलेला माणूस सुटकेची वाट बघणं सोडत नाही. मला तरी याहून नेमकं उत्तर माहीत नाही.

जमलं तर काकूंना शल्याच्या बायकोची, सत्यवतीची गोष्ट विचारा. नवरा पडल्यावर ती रणांगणात प्रेतांतून त्याला शोधत जाते, तो भाग. ती तर जयभयाच्याच दरबारात लिहिलेली आहे.

रानवारा

माझं उत्तर चुकीचं होतं, सुधारल्याबद्दल आभार. सुरो म्हणजे मोहरमच ना? मग शक कुठून आला?

जुनीलिपी

बरोबर, मोहरम. १६३३ मध्ये जावातल्या मताराम राज्याच्या सुलतान आगुंगने महिने हिजरीसारखे चांद्र केले, पण वर्षांचा आकडा शकाचाच पुढे चालू ठेवला, १५५५ पासून. म्हणून दोन्ही एकत्र दिसतं.

ब्रांतासकाठी

काल काकूंकडे जेवायला गेले होते. सत्यवतीचं नाव काढलं आणि त्या तासभर बोलल्या, ते सवडीने लिहीन. मक्याच्या मुळाचं मी बोलले नाही. फक्त विचारलं, तुमच्या पणजी नुसतं म्हणायच्या, की खरंच मका लावला होता?

लावला होता, म्हणाल्या. विहिरीमागे, दोन ओळी. वडिलांना आठवायचं ते एवढंच, की साडेतीन महिन्यांत कणसं भरली, काढली, खाल्ली, आणि जपानी होतेच. तेव्हा आजीने थोडे दाणे वेगळे ठेवले आणि त्याच जागी पुन्हा पेरले.