मदत हवी आहे: त्या आठवड्यात आलेले नवे मराठी अल्बम शोधायचे कुठे?

आम्ही पाच जण दर रविवारी त्या आठवड्यात आलेला एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकतो आणि मग त्यावर बोलतो. इंग्रजीचं सोपंय, जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम सहसा शुक्रवारीच येतात त्यामुळे यादी लगेच मिळते. अडतंय ते मराठीत. अ‍ॅपवर 'नवीन मराठी' टाकलं की सिनेमाची गाणी, सुटी सिंगल्स आणि जुनीच भक्तिगीतं नवं कव्हर लावून, त्यावर तारीख मात्र याच आठवड्याची, दोनदा असे फसलो, अर्धं ऐकून झाल्यावर कळलं की रेकॉर्डिंग कॅसेटच्या काळातलं आहे.

आवडते गायक फॉलो केलेत, नोटिफिकेशन चालू आहे, पण त्यात फक्त ओळखीचेच येतात आणि मला खरी ओढ आहे ती पहिलाच अल्बम काढणाऱ्यांची. यूट्यूबवर म्युझिक कंपन्यांची चॅनलं पण बघितली, तिथे बहुतेक सिनेमाचंच असतं.

अभंग, गझल, रॅप, लोकसंगीत काहीही चालेल, फक्त सिनेमाचं नको आणि निदान सहा-सात गाणी हवीत. पैसे भरून घेतलेलं एक अ‍ॅप आहे, दुसरं परवडणार नाही. एकदाच ऐकून मत देणं मला पटत नाही, म्हणून शुक्रवारी, फारतर शनिवारी सकाळी नाव कळायला हवं.

तर अशी यादी दर आठवड्याला कुणी करतं का? आणि अल्बमच्या तळाशी गोलातल्या पी (℗, म्हणजे रेकॉर्डिंगच्या हक्काची खूण) पुढे जे साल असतं, त्यावरून रेकॉर्डिंग नवं की जुनं हे खात्रीने कळतं का?