बारावीचे फोटो नागपुरात कोणत्या महिन्यात काढावे?

धरमपेठची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावीत आहे, स्टेट बोर्ड, सायन्स. माझी नणंद अमेरिकेत असते, तिच्या लेकीचे शाळेच्या शेवटच्या वर्षाचे फोटो वर्ष सुरू व्हायच्या आधीच उन्हाळ्याच्या सुट्टीत काढून झाले, तिकडे इयरबुकमध्ये द्यायचे असतात म्हणून लवकर उरकतात म्हणे. ते पाहून आमच्याकडे हट्ट सुरू झाला की मलाही पायजे, एक साडीत, एक युनिफॉर्ममध्ये, अन् स्टुडिओत नाही बाहेरच. माझी ना नाही, पण कधी काढायचे तेच समजून नाही राहिलं. आता जुलैत नुसती चिकचिक, मे महिन्याचं तर नावच नको. जानेवारीत सेंडऑफला तशीही साडी नेसणार आहे, तेव्हाच उरकून टाकू का?

फोटोवाला_भाऊ
ताई सेंडऑफच्या दिवशी बिलकुल नको. कार्यक्रम संपेपर्यंत साडीचा पार चोथा झालेला असते, ऊन बरोब्बर डोक्यावर, डोळ्याखाली काळ्या सावल्या पडतात अन् मैत्रिणी पोरीला सोडत नाहीत ते वेगळंच. मी लग्नाचं काम करतो, असे शूट मधात मधात घेतो, माझं ऐकाल तर दसरा ते दिवाळी हा टाइम पकडा. पाऊस गेलेला असते, झाडं हिरवीगार, हवेतली धूळ बसलेली. दुपारचं ऑक्टोबरचं ऊन चटके देते पण आपल्याला दुपार पायजेच कुठं, सकाळी साडेसहाला पोहोचा, साडेआठला घरी. फक्त दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीकडचे रस्ते टाळा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी असते. अन् तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू, मंग तारीख मागाल तर मिळत नाही, मिळाली तर रेट चढलेला.

गुलाबी_थंडी
ऑक्टोबर हीट मध्ये साडी??? घाम पुसता पुसता मेकअप जाईल पोरीचा. नोव्हेंबर शेवट ते डिसेंबर, दुसरं काही नाही. त्या दिवसांत ऊन दुपारी सुद्धा तिरपं असते त्यामुळे चार वाजता पण फोटो छान येतात. पण एक लक्षात ठेवा, साडेपाचला सूर्य बुडून जाते आपल्याकडे, क्लास सुटल्यावर जाऊ म्हणाल तर अंधारात उभे राहाल, रविवारच पायजे. आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडे फिरकू नका, बॅरिकेड अन् मोर्चे. फुटाळ्यावर जाल तर सूर्य पाण्याच्या बाजूनं बुडतो, पोरगी पाण्याकडे पाठ करून उभी राहिली की चेहरा काळा येतो, फोटोग्राफरकडे रिफ्लेक्टर आहे का ते आधीच विचारा. बरेच जण आणतच नाहीत.

काटोलवाला
सगळे तलाव अन् गार्डन सोडून संत्र्याच्या बागेत या ना बावा. आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचं हिवाळ्यात तोडणीला येणारं पीक, नोव्हेंबर डिसेंबरात झाडावर पिवळा धमक असते, असं बॅकग्राउंड अमेरिकेतल्या ननंदेला पण मिळणार नाही 😄 मालकाला विचारून या अन् फळ तोडू नका, एवढंच. पण व्यापाऱ्याची तोड सुरू व्हायच्या आधी या, नाहीतर फक्त पानं राहतात.

धरमपेठची_आई
संत्र्याची आयडिया मस्त आहे हो भाऊ, पोरगी उडालीच. पण डिसेंबरात तिची प्रिलिमची तयारी, जानेवारीत जेईई मेन, फेब्रुवारीत बोर्ड. तिचे बाबा आत्ताच म्हणून राहिले की काहून अभ्यासाचे दिवस फोटोत घालवता.

मागच्याच_वर्षी_सुटले
काकू मी आत्ताच बारावी झाली, खरं सांगू का, डिसेंबर जानेवारीतले माझे सगळे फोटो पाहा, डोळे सुजलेले आणि केसांना तेल. आमच्या ग्रुपने बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर मार्चमध्ये काढले. होळीच्या वेळेला पळस फुलतो ना, शहराबाहेर कोणत्याही रोडने निघा, पानं गळलेली आणि झाडभर नुसती केशरी फुलं, त्यात पांढरा कुर्ता इतका भारी दिसतो!! युनिफॉर्म पण नेला होता. सीईटी बाकी होती पण एक सकाळ कोणाला जड नाही. ऊन मात्र नऊ वाजताच लागते, आम्ही सातला सुरू केलं होतं.

फोटोवाला_भाऊ
पोरगी बरोबर बोलून राहिली, पळसाचा मला विचारच नव्हता आला. फक्त पळस तुमच्या तारखेसाठी थांबत नाही, कधी लवकर फुलून झडून जाते, अन् मार्चात उशीर झाला तर खाली सडा अन् वर काड्या. त्यात लग्नं पण चालू असतात. ताई मी तर म्हणतो दिवाळीच्या सुट्टीत साडी अन् युनिफॉर्मचे करून घ्या, तेव्हा कॉलेज बंद असते, बाबांना पण बोलायला जागा नाही. पळसाचे मंग मैत्रिणी मोबाइलवर काढतील.

धरमपेठची_आई
हे पटलं. दिवाळीत काटोलकडे जाऊन संत्र्याचंही पाहून घेऊ, रंग आला असेल तर सोन्याहून पिवळं. @काटोलवाला तेव्हापर्यंत फळ पिवळं झालं असते का, की हिरवंच?

काटोलवाला
दिवाळी नोव्हेंबरात असली तर बऱ्यापैकी पिवळं. ऑक्टोबरात आली तर अर्धं हिरवं अर्धं पिवळं. येण्याच्या आठवडाभर आधी इथंच विचारा, मी बागेतला फोटो टाकतो.