मदत हवी आहे: गाडी तापली की पेट्रोल पोचत नाही. गाडीतला पेट्रोल ओढणारा पंप बदलू की नुसता फिल्टर?

नमस्कार मंडळी. आर्णीजवळच्या एका खेड्यात राहतो. २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १ लाख १८ हजार किमी झालेली. बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यवतमाळला न्यावं लागतं. एसटीचे धक्के त्यांना झेपत नाहीत, त्यामुळे या गाडीशिवाय दुसरी सोय नाही.

सकाळी जाताना गाडी ठीक चालते. दुपारी परतताना ऊन तापलं की २०-२५ किमीनंतर झटके खायला लागते. रेस दिली तरी ओढत नाही, चढावर तर बंदच पडते. मागच्या सीटखालून घुंई घुंई आवाज येतो. अर्धा तास सावलीत थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. गेल्या सोमवारी बाबांना घेऊन रस्त्याच्या कडेला निंबाखाली पाऊण तास बसलो. डायलिसिस करून आलेला माणूस, अंगात त्राण नाही, डोक्यावर ओला दुपट्टा. ती वेळ मला परत येऊ द्यायची नाही.

प्लग नवीन टाकले, एअर फिल्टर बदलला, फ्यूज पाहिला. पंपाचा रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून पाहिला, दोन्हींवर नंबर एकच होता. फरक नाही. एक मिस्त्री म्हणतो अख्खी असेंब्ली, म्हणजे पंपाचा पूर्ण संच टाका, साडेसात हजार. दुसरा म्हणतो फिल्टर चोक आहे, साफ करून देतो. आमच्या जुन्या गाडीला खाली पेट्रोलच्या लाईनमध्ये डबीसारखा फिल्टर होता, या गाडीखाली झोपून पाहिलं तर दिसतच नाही. मग तो आहे कुठं? आणि पैसे घालायच्या आधी दोष पंपाचा की फिल्टरचा, हे कळू शकतं काय? पेट्रोल पंप आमच्यापासून १६ किमीवर आहे, त्यामुळे अडीअडचणीला दुकानातलं बाटलीतलं पेट्रोलही टाकलेलं आहे.

प्रतिसाद (वर्ध्याकडे गॅरेज आहे):

भाऊ, फिल्टर आहे, पण टाकीच्या आत. पंपाच्या तोंडाशी मोज्यासारखी जाळी असते, ती मोठा कचरा अडवते. त्यापुढं असेंब्लीच्या प्लास्टिकच्या डब्यात कागदी फिल्टर बसवलेला असतो, बारीक कचरा त्यात अडकतो. पेट्रोलचा दाब नेमका राखणारा प्रेशर रेग्युलेटरही बऱ्याच गाड्यांत तिथंच असतो. जाळी बदलता येते. आतला फिल्टर कित्येक असेंब्लीत सुटा मिळत नाही. तो कागदी आहे, धुऊन साफ होत नाही, त्यामुळे 'साफ करून देतो' हे फक्त जाळीपुरतं खरं धरा.

निदान असं करा. लाईनला प्रेशर गेज (दाब मोजायचं मीटर) लावा. अशा बऱ्याच गाड्यांत साधारण ३ बार दाब दिसतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. पण थंड गाडीवर माप घेऊन थांबू नका. गेज लावून, गाडी तापवून, झटके खायला लागल्यावर बघा. त्याच वेळी पंपाच्या कनेक्टरवर (वायर जोडतात तिथं) व्होल्टेज मोजा. व्होल्टेज बॅटरीइतकं पोचतंय आणि प्रेशर पडतंय, म्हणजे दोष टाकीत आहे. व्होल्टेजच कमी असेल तर आधी वायर आणि अर्थिंग शोधा. थंड झाल्यावर बरी होणं हे थकलेल्या मोटरचं लक्षण आहे, पण जाळी तुंबली तरी मोटर तापते.

टाकीत कायम थोडंसंच पेट्रोल ठेवता काय? पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. मे महिन्यात पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. दुसरं, आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि जुन्या टाकीतला चिकटलेला गाळ सोडवतं, तो सगळा जाळीवर येऊन बसतो.

उघडायची वेळ आली तर टाकी अर्ध्याच्या खाली आणा. पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करा, आपोआप बंद पडेल, लाईनमधलं प्रेशर उतरेल. मग बॅटरीचा मायनस काढा. मागच्या सीटखाली पंपाचं झाकण असतं, त्याभोवतीची माती आधी ब्रशनं झाडा, नाहीतर तीच टाकीत पडते. रबरी रिंग नवीनच टाका. दारं उघडी ठेवा, जवळपास बिडी-काडी चालणार नाही. हे काम एकट्यानं करू नका.

प्रतिसाद:

दादा, आधी कनेक्टर नीट बघा. आमच्या गाडीचा पंप बदलून झाला, तरी त्रास तोच. शेवटी सीटखालच्या कनेक्टरची एक पिन जळून काळी पडलेली सापडली. नवा पंप फुकट गेला. सोयाबीनची पोती मागं ठेवत असाल तर उंदरांनी वायर कुरतडली काय, हेही बघा.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. काल मिस्त्रीसोबत बसून तपासलं. गाडी थंड असताना ३ बार बरोबर. दुपारी चढावर नेली, झटके सुरू झाले तेव्हा काटा दीडवर आला, व्होल्टेज मात्र पुरेपूर. कनेक्टर स्वच्छ निघाला. मागची सीट काढून झाकण उघडलं तर जाळी तपकिरी चिखलानं माखलेली. बोटांत चोळला तर बारीक रेतीसारखा खरखरीत लागला. मोटर हातात धरून फिरवली, एका जागी अडत होती. जुन्या फिल्टरवर नवी मोटर बसवण्यात अर्थ वाटला नाही, म्हणून अख्खी असेंब्लीच टाकली. तळाचा गाळ कापडानं पुसून घेतला. बाटलीतलं पेट्रोल आता बंद.

आज बाबांना नेऊन आणलं, भर दुपारी, एकही झटका नाही. आता एकच अडचण: टाकी फुल केली तरी पेट्रोलचा काटा पाऊणवरच थांबतो. आत घालताना फ्लोटची (पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या भागाची) दांडी वाकली असेल काय? की नव्या असेंब्लीतच फरक असतो? परत उघडायच्या आधी बाहेरून तपासता येण्यासारखं काही असेल तर सांगा.